रिताचा पिवळा

साधना त्या सकाळी लॅपटॉप उघडून बसली ती एवढ्याचसाठी, की कारध्याच्या भैय्याजींची अंडी कधी हलवायची ते पाहावं. काम रोजचंच. लाखनीपासून थोडं आत तिच्या नवऱ्याचं, चंद्रकुमारचं, अंडी उबवायचं केंद्र होतं. लोक आपल्या गावठी कोंबड्यांची अंडी आणून देत आणि एकवीस दिवसांनी पिल्लं घेऊन जात. घराच्या मागच्या खोलीत दोन मशीनं होती. अठरा दिवस अंडी मोठ्या मशीनमध्ये फिरत राहायची, मग छोट्या मशीनमध्ये हलवायची; तिथे शेवटचे तीन दिवस ती निवांत पडून असायची. सगळा हिशोब एक्सेलच्या तक्त्यात. पहिल्या रकान्यात नाव, दुसऱ्यात तारीख, तिसऱ्यात नग. अठरावा दिवस लागला की ती ओळ आपोआप पिवळी व्हायची, एकविसावा लागला की लाल.

तो तक्ता रिताने केला होता. रिता म्हणजे चंद्रकुमारची पहिली बायको. तीन वर्षांपूर्वी तापाने गेली.

मेलेल्या बाईचा हेवा करू नये, हे साधनालाही कळत होतं. पण ती करायची, आणि पोटभर करायची. भिंतीवरच्या फोटोचं तिला काही वाटत नसे. फोटो गप्प असतो. तक्ता मात्र रोज बोलायचा. सकाळी उठून चंद्रकुमार आधी त्या रंगांकडे पाहायचा, मग बायकोकडे. सासू जनाबाई मशीनच्या खोलीतून हाक मारायची, "रिताचा पिवळा झाला का वं?" झाडून सगळं घर त्या रंगांवर चालत होतं, आणि टायपिंग करायला तेवढी साधना.

एकच गोष्ट तिच्याकडे होती, जी रिताला सात वर्षांत जमली नव्हती. तिला दिवस गेले होते. तीन महिने भरेपर्यंत सांगायचं नाही म्हणून तिने नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. एकदा लेकरू आलं की हे घर आपलं, मग रिताचं नाव कोण काढतो ते पाहू, असं ती मनातल्या मनात घोकायची.

पण तेवढा धीर कुठला निघायला! त्याच सकाळी तिने कंडिशनल फॉरमॅटिंगमध्ये, म्हणजे रंगांचे नियम असतात तिथे, जाऊन रिताचे सगळे नियम पुसले. तक्ता पांढराफटक झाला. मग तिने स्वतःचा नियम लिहिला: आजची तारीख वजा बी-दोन, म्हणजे तारखेचं घर, उत्तर अठरा किंवा जास्त आलं तर हिरवा. घाईत बीच्या आधी डॉलरचं चिन्ह टाकायचं राहिलं. ते नसलं की नियम तारखेच्या रकान्याला धरून राहत नाही, प्रत्येक घरात उजवीकडे सरकत जातो आणि नगांचीच तारीख समजून बसतो. जवळजवळ अख्खा तक्ता हिरवागार झाला. बाईसाहेब तोवर स्वयंपाकाला उठून गेल्या होत्या.

चंद्रकुमारने हिरवा पाहिला आणि चुकीचे ट्रे हलवले. भैय्याजींची तीनशे अंडी वाया गेली.

तो ओरडला नाही. जेवताना फक्त म्हणाला, "रिताच्या वेळी असं कधी झालं नाही."

त्यापेक्षा त्याने हात उगारला असता तर बरं, असं साधनाला वाटलं.

दुसऱ्या दिवशी घरात कुणी नसताना ती मशीनच्या खोलीत लॅपटॉप घेऊन बसली. बाहेर उन्हं होती, आत मात्र झिरोचा बल्ब. कोमट कवचांचा, ओल्या पिसांचा वास. मोठं मशीन एका सुरात घुमत होतं. छोट्या मशीनमध्ये कवचाच्या आतूनच पिल्लं चिवचिवत होती. तिने तक्ता उघडला.

हिरवा कुठेच नव्हता. तोच जुना पिवळा, बरोबर ज्या ओळींवर हवा त्यांवरच. तिने नियम उघडला. नियम तिचाच होता. पण बीच्या आधी डॉलरचं चिन्ह होतं, तिने न टाकलेलं.

"रिता..." तिच्या तोंडून निघून गेलं.

चिवचिव थांबली. सगळी एकदम.

ती खाली सरकत गेली. शेवटच्या नावाखाली एक ओळ जास्त होती. पिवळी. नावाच्या रकान्यात साधना. तारीख तीच, ज्या दिवशी तिची पाळी चुकली होती. नग: एक.

त्या दिवसाला आज अठरा दिवस झाले होते. तारीख तिने कागदावरही लिहिली नव्हती.

तिने ओळ पुसली. ओळ परत आली. पुन्हा पुसली, तर तेवढ्यातच पुन्हा आली. ती उठून बाहेर आली. जनाबाई नुकतीच परतून ओट्यावर तांदूळ निवडत बसली होती.

"आई... पिवळ्या झालेल्या ओळीचे अंडे हलवलेच नाही तं?"

"कवचातच मरते ना माय," जनाबाई मान वर न करता म्हणाली. "रिता म्हने, पिवळं झालं का त्या जागी ठेवू नोका. लय जीव होता तिचा लेकरायवर."

साधनाला समजलं. हलवायचं म्हणजे तिलाच हलायचं होतं, नाकाडोंगरीला माहेरी. तीन दिवसांच्या आत. आणि मग हे घर, हा नवरा, ही मशीनं, सगळं पुन्हा एकट्या रिताचं. रिता पोराच्या काळजीने सांगत होती की आपली जागा मोकळी करून घेत होती, कुणी सांगावं? साधनाच्या मनात हा दुसरा अर्थच पक्का बसला. भीतीपेक्षा तिला राग जास्त आला.

ती तरातरा आत गेली. "मी काहून जाऊ? तूच जाय..." असं म्हणत तिने त्या ओळीतलं साधना हे नाव खोडलं आणि तिथे रिता लिहिलं.

ओळ पांढरी झाली. नाव तसंच राहिलं, परत बदललं नाही. छोट्या मशीनमध्ये चिवचिव सुरू झाली. जिंकले, असं वाटून ती बराच वेळ तिथेच हसत बसली.

संध्याकाळी चंद्रकुमार आला. चप्पल काढता काढता म्हणाला, "रिता, चाय मांड वं."

जुनी सवय, म्हणून तिने दात आवळले आणि चहा ठेवला. मग जनाबाई म्हणाली, "रिता, दिवा लावला का?"

"आई, मी साधना हावो ना."

जनाबाईने चंद्रकुमारकडे पाहिलं. दोघांच्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती. परक्याचं नाव ऐकल्यावर पाहावं तसे ते पाहत होते.

"कोन साधना?" चंद्रकुमारने विचारलं. अगदी मायेने विचारलं. असा तो तिच्याशी लग्नापासून कधी बोलला नव्हता.

ती फोन घेऊन अंगणात पळाली. घाईत माहेरचा नंबर दोनदा चुकला. शेवटी आईने उचलला.

"माय... मी साधना बोलून राहिली..."

"कोन?" पलीकडून आईने विचारलं. "साधना तं इथंच हाये वं बाई. दुपारच्या गाडीनं आली. दोन जीवाची हाये पोरगी, थकून आत निजली. तू कोन बोलून राहिली?"

फोनमध्ये मागून बाजेचा करकर आवाज आला, कुणीतरी उठून बसल्यासारखा.

"माय, कोनाचा फोन हाये?" आतून कुणीतरी झोपाळलेल्या सुरात विचारलं.

आवाज साधनाचाच होता.