निळ्या फितीचं माप

"नवरीचं एकटीचं बाशिंग मिळंल का? नवऱ्याचं नको."

माझ्या मैत्रिणींनी, विनोदिनीनं आणि उमानं, पैज लावली होती, म्हणून विचारलं. नाही विचारलं तर महिनाभर दोघींची दप्तरं मी वाहायची. दुकान आमच्या शाळेच्या वाटेवरच, तासगावच्या देवळामागच्या बोळात. बाशिंगं जोडीनंच होतात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण मी अकरावीत, म्हणजे मॅट्रिकच्या वर्गात होते, गॅदरिंगला माइक हातात धरून बोलले होते; आता मला कशाची भीती?

पाटावर बसलेला पोरगा कात्रीनं भेंड कापत होता. भेंड म्हणजे तळ्यातल्या झाडाचा पांढराशुभ्र, कापसासारखा हलका गाभा. मान वर न करताच तो म्हणाला, "मिळंल की. पण मागं उरलेलं कुणाच्या कपाळाला बांधू?"

"तुमच्याच बांधा," मी म्हणाले.

म्हणून गेले… आणि मग काय म्हणाले ते माझं मलाच ऐकू आलं. मागं दोघी तोंडावर वह्या धरून हसत होत्या. त्यानं मान वर केली. डोळ्यांत हसू, ओठांवर मात्र नाही. माझे कान तापले. राग त्याचा आला का माझा, कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी भांडायला म्हणून गेले. त्यानंतर रोज काही ना काही भांडण उरायचंच.

त्याचं नाव मधु. बीजगणितात नापास झालेला, मार्चला पुन्हा मॅट्रिकला बसणार होता. त्याची लाज तर नाहीच, उलट म्हणायचा, बीजगणितालाच मी कळलो न्हाई. आत त्याची आई लीलाबाई चिकटवायची खळ शिजवत असायची आणि तिथूनच ओरडायची, हात चालव मधु, तोंड नको.

हल्ली सगळ्यांना प्लॅस्टिकच्या मोत्यांच्या मुंडावळ्या हव्या असतात. त्या तयार मिळतात, कुणाच्याही कपाळाला बसतात. पण जुन्या चालीचं भेंडाचं बाशिंग मापाशिवाय होत नाही. एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत कपाळावरून दोरा धरायचा, तिथं गाठ मारायची. नवऱ्याचं आणि नवरीचं माप एकमेकांना बांधून खुंटीला टांगायचं, आणि लग्न लागेपर्यंत ती जोड सोडायची नाही. लीलाबाईंच्या खुंटीवर अशा दोऱ्यांचा हा गुंता लोंबत असायचा. मी तो कधी नीट पाहिलाच नव्हता.

एकदा मधु नव्या बाशिंगावरचे राघू कोरत होता. मी म्हणाले, राघू कसले, कावळे आहेत. चोच खाली वळवा, मान जराशी तिरकी ठेवा.

"तिरकी म्हंजे कशी?"

मी दाखवली. तो बघत राहिला… कात्री हवेतच.

"आता कळलं," तो हळूच म्हणाला. मी चिडून निघून आले. कशावर चिडले ते घर आलं तरी सापडलं नाही.

मग ती थंडीतली दुपार. चकचकीत बेगड लावून पुरी झालेली जोडी उन्हात वाळत होती. लाल, हिरवी, सोनेरी. आणि राघू असे, की आता बोलतील. मी विचारलं, कुणाची हो एवढी नशीबवान?

"शिराळ्याचं स्थळ हाय. नवरदेव मिल्ट्रीत. त्यांस्नी जुन्या चालीचंच पायजे. माघात लगीन." त्यानं खुंटीकडं बोट केलं. "ते बघा, नवरदेवानं बुटाची नाडी धाडलीया मापाला."

मी हसत बघितलं. काळी नाडी. आणि तिला गाठ मारलेली निळी फीत. फितीच्या टोकाला शाईचा डाग.

तो डाग माझ्याच पेनाचा होता.

मागच्या रविवारी आईनं डोक्याला तेल लावलं, माझी शाळेची फीत कपाळावरून ओढून धरली आणि गाठ मारली. म्हणाली, तुझं डोकं दुखतंय ना सारखं, देवीला बांधते. मी शहाणी त्यावर विश्वास ठेवून एका वेणीला निळी आणि दुसरीला पांढरी फीत लावून शाळेत गेले, बाईंची बोलणी खाल्ली.

"ही माझी फीत हाय," मी म्हणाले.

मधु हसला… मग हसू अर्ध्यातच मेलं. अंगाचा नुसता जाळ झाला माझ्या. समोर तोच होता, म्हणून त्याच्यावरच सुटले. माझीच तिरकी मान बघितली, माझ्याकडूनच राघू शिकला आणि ते नेऊन बसवले त्या नाडीवाल्याच्या शेजारी. आणखी काय काय बोलले, आठवतही नाही.

"कुणाचं माप ते ठावं नव्हतं," तो म्हणाला. चेहरा भेंडासारखा पांढरा. नवरीचं बाशिंग उचलून त्यानं माझ्या हातात दिलं. "मोड. माझ्या हातनं मोडवत न्हाई. तू मोड."

पहिल्यांदाच तू म्हणाला.

मी दोन्ही हातांनी ते वर उचललं. राघूची मान तिरकी होती, अगदी माझीच. नाही मोडवलं. त्याचा आणखीनच राग आला. खाली ठेवलं आणि खुंटीकडं गेले.

लीलाबाई खळीच्या हातांनी दारात आल्या. "पोरी, त्या गाठीला हात लावू नगंस."

"काकी, गाठ मारताना मला कुणी विचारलं न्हाई."

नखांनी सुटेना, मग दातांनी सोडवली. नाडी परत खुंटीला लावली. त्या बिचाऱ्या शिपायाला तरी कुणी विचारलं होतं का, देव जाणे. फीत मुठीत घेतली. डोळ्यांत पाणी आलं, तेही रागाचंच.

मधु पायरीपर्यंत आला. "पयल्या दिशी काय म्हणालीस, ध्यानात हाय?"

"हाय."

"मग ते… अजून तसंच हाय का?"

मी फीत वेणीत गुंफत होते. "तुझं बीजगणित सुटू दे," मी म्हणाले, "मग इचार."

"म्हंजे लय अवघड हाय की," तो म्हणाला. या वेळी ओठही हसले.

घरी आई सुपात ज्वारी निवडत होती. वडील, आमचे आण्णा, फेटा बाजूला ठेवून बशीतला चहा फुंकत होते. आईची नजर वेणीवर गेली आणि सूप थांबलं. फीत कुठं सापडली, तिनं विचारलं. तुम्ही टांगली होती तिथंच, मी म्हणाले. आण्णा समजावायला लागले… मुलगा गुणी, उसाचं बागायती रान, माणसं खानदानी. मी ऐकून घेतलं. मग गॅदरिंगला उभी राहिले होते तशी, घराच्या पुढच्या सोप्याच्या मधोमध उभी राहिले.

"आण्णा, आई, माघात माझं लगीन होणार न्हाई. शिराळ्याला निरोप तुमी धाडा, न्हाईतर पत्ता द्या, मी कार्ड टाकते. मार्चला मी मॅट्रिकला बसणार, आणि पास झाले की सांगलीच्या कॉलेजात जाणार. आणि माझ्या कपाळाचं माप परत कुणी देवीचं नाव सांगून घ्यायचं न्हाई. द्यावंसं वाटंल त्या दिवशी माझ्या पायानं जाऊन मीच देईन. आणि शेजारी कुणाचं माप बांधायचं, ते बी मीच सांगीन."