अठ्ठाविसावा दिवस

पहिल्याच भेटीत त्याने तिच्या पायावर काँक्रीटचा ठोकळा पाडला.

"अहो साहेब, माझ्या पायाची ताकद तपासायची नाहीये!" ती कळवळली.

"सॉरी... पण ठोकळा शाबूत आहे बघा. म्हणजे आमचं काम पक्कं!"

फाटकावर माणसं तास तास ताटकळायची, म्हणून लोकल गाड्यांचे रूळच खांबांवर उचलायचं काम चाललं होतं. तो साइटवरचा इंजिनिअर, खांब ओतून घ्यायचा. फाटकाशेजारच्या पत्र्याच्या खोलीत ती प्रत्येक खांबाच्या काँक्रीटचे नमुने, म्हणजे असे ठोकळे, मशीनखाली फोडून पाहायची. नमुने तीन, त्याच्या चकरा मात्र तेरा.

नववा खांब ओतायचा होता त्या दिवशी, भर उन्हात, तो दारात उभा राहिला.

"लग्न कराल माझ्याशी?"

तिच्या हातातलं पेन खाली पडलं. "काँक्रीटला पुरती ताकद यायला अठ्ठावीस दिवस लागतात... मलाही तेवढे द्या."

तो हसला आणि बसूनच राहिला. चांगला तासभर. तिनेही 'जा आता' म्हटलं नाही.

अठ्ठाविसाव्या दिवशी तिने नवे डूल घातले. "कोणासाठी गं हा नट्टापट्टा?" आईने टोकलं.

"मशीनसाठी!"

होकार अगदी ओठांवर होता. तो समोरच उभा. तिने नवव्या खांबाचा पहिला ठोकळा दाबाखाली ठेवला. काटा हव्या त्या आकड्याच्या निम्म्यावर आला, आणि ठोकळा फुटला. मग दुसरा. मग तिसराही.

त्याचं तोंड उतरलं. "त्या दिवशी काँक्रीटची गाडी फाटकात अडकली होती. माल आळायला लागला, म्हणून मुकादमाने त्यात पाणी ओतलं. मी असतो तर गाडी परत पाठवली असती... पण मी—"

"इथे होतात."

"आठव्याचे तीन जास्तीचे ठोकळे शिल्लक आहेत. नवव्याचे म्हणून तेच फोड ना. कोणाला कळणार? नोकरी जाईल गं माझी."

कितीदा मनातल्या मनात तिने त्याच्या तोंडचं हे 'गं' ऐकलं होतं... ते असं आलं.

"त्या खांबावरून रोज भरलेल्या गाड्या जाणार," ती म्हणाली, आणि तिन्ही आकडे जसेच्या तसे लिहिले. अक्षर स्वच्छ आलं.

उत्तर त्याने विचारलंच नाही. दारातून वळून एवढंच म्हणाला, "डूल छान आहेत."

त्याच्या जागी दुसरा आला. नववा खांब फोडायला अकरा दिवस लागले. घणांचे आवाज पत्र्यावर आदळत राहिले. ते थांबले, त्या संध्याकाळी तिने डूल काढून ठेवले.