शेंदराखालचा आकडा

जरा कल्पना करा. मे महिन्याचं रणरणतं ऊन. समोर जेसीबी गुरगुरतोय आणि त्याच्या पोलादी दातांपुढे तुम्ही मांडी घालून बसला आहात. बसवेल? बारा वर्षांची उत्कर्षा बसली होती!

"ऊठ गं ए! मरायचंय का?" दिग्विजय खेकसला. माण गावातली ही जमीन त्याच्या आजीची. इथं त्याला गोदाम बांधायचं होतं. मधोमध शेंदूर फासलेला 'आभाळ्या देव' आडवा येत होता.

"नाही उठणार! हा दगड नाहीच, काका!"

"मला शिकवते? मारुंजीत भाड्याची खोली, आणि आमच्या देवाचं हिला कळतंय! जा, तुमच्या लातूरला जाऊन शिकव!"

उत्कर्षाचे कान तापले, पण ती हलली नाही. तिच्या मांडीवर वही होती. तिचा मित्र प्रज्वल, त्याच्या पणजी मंजुळाबाई रहाटणीला राहतात. मंजुळाबाईंचा थोरला भाऊ भीमराज १९४४ साली पुण्याहून लष्करी विमानातून उडाला आणि वादळात हरवला. तो आणि त्याचा जोडीदार, दोघंही 'बेपत्ता'. "हरवलाय, गेला न्हाई," असं म्हणत त्यांच्या आईनं त्याचं श्राद्ध कधी घालू दिलं नाही. मंजुळाबाई अजूनही वाट पाहत होत्या.

सुट्टीत उत्कर्षा आणि प्रज्वलनं सैन्याला पत्रं लिहून त्या विमानाची जुनी नोंद मिळवली. तीत इंजिनाचा क्रमांक होता! मग माणच्या म्हाताऱ्यांकडून कळलं, की त्याच साली वादळात आभाळातून एक देव पडला होता. त्या सकाळी प्रज्वलनं देवाच्या बुडाला लोहचुंबक लावलं. खट्! चिकटलं! तेवढ्यात दिग्विजय फोनवर बोलताना ऐकू आला, "आज उचलतो, थेट भंगारात घाल. आजीला सांगितलंय, सोमवारी पूजा करून हलवू."

प्रज्वल त्या आजीलाच आणायला धावला होता. कुठे अडकला हा?

"बास झालं!" दिग्विजयनं उत्कर्षाला दंडाला धरून बाजूला ओढलं. जेसीबीचा दात पुढे आला आणि देवाच्या खांद्याला घासला. खर्रर्र!

"दिग्या!"

प्रज्वलच्या सायकलच्या कॅरिअरवरून दिग्विजयची आजी, अंबुबाई उतरल्या. हातात तेलाची वाटी.

"सोमवार म्हनला व्हतास न्हवं?"

"आजी, ही पोरं..."

"तू गप! आन् तुमी बी लांब व्हा! देवाला कुनी खरवडलं तर हात मोडीन!"

दिग्विजय हसला. शेंदूर न खरवडता आतला इंजिनाचा आकडा दिसणार कसा? उत्कर्षाचं लक्ष देवाच्या खांद्याकडे गेलं. शेंदराच्या थराला तडा गेला होता.

"आजी, आम्ही हात लावत नाही. पण बघा, देव खोळ सोडतोय!"

वर्षानुवर्षं साचलेला शेंदराचा थर सुटला, की देवानं खोळ सोडली म्हणतात. सुटलेली खोळ अंगावर ठेवत नाहीत. अंबुबाईंनी हात जोडले आणि स्वतःच खोळ उतरवली. आत लोखंडाचे कंगोरे, आणि एक पत्रा. पत्र्यावर ठोकलेले आकडे!

उत्कर्षानं ते मोठ्यानं वाचले. प्रज्वलनं वहीत एकेकावर बोट ठेवलं. "जुळला! सगळाच्या सगळा जुळला!"

अंबुबाई खाली बसल्या. "मंग पन्नास वर्सं मी तेल कुनाला घालत व्हते?"

"माझ्या पणजीच्या हरवलेल्या भावाच्या, भीमराज आजोबांच्या विमानाला," प्रज्वल म्हणाला.

म्हातारीनं वाटीतलं तेल त्या लोखंडावर ओतलं. "मंग बराबरच हाय की!"

दुपारी खबर मिळून तलाठी आले, काम थांबलं. सैन्याचे लोक येऊन इथं नीट शोध घेणार होते. रिक्षातून मंजुळाबाई आल्या. त्यांनी आकड्यांवरून बोट फिरवलं. "दादा, इथं व्हतास व्हय?" मग उत्कर्षाच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाल्या, "मोठ्यांना ऐंशी वर्सं जमलं न्हाई, ते तू केलंस, बाळ."

"चार फूट जागा सोडतो. पाचवा फूट मिळायचा न्हाई!" दिग्विजय लांबून गुरकावला.

"सातबारा माज्या नावावर हाय," अंबुबाई मागे वळूनही न बघता म्हणाल्या.

"चल, उसाचा रस पिऊ!" प्रज्वलनं उत्कर्षाला हाताला धरून ओढलं.

ती हलली नाही. नोंदीत भीमराजच्या जोडीदाराचंही नाव होतं, चिमाजी. गावाच्या जागी नुसता शाईचा डाग. तिनं वहीचं कोरं पान उघडलं, वर 'चिमाजी' लिहिलं आणि खाली पहिला प्रश्न लिहिला: 'यांची वाट कोण पाहतंय?'