चालू औषधे : नाही

लिफ्ट दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्येच बंद पडली, तेव्हा तिच्या हातात बर्फाचा डबा होता आणि डब्यात रक्ताच्या तीन नळ्या.

"अहो, कुणी आहे का?" तिनं दारावर थापा मारल्या.

"आहे ना," वरून आवाज आला. निवांत... जेवण करून पडल्यासारखा. "किती जण आहात?"

"मी एकटी. आणि तीन नळ्या! यातलं हॉर्मोन बर्फ वितळला की खराब होतं. तेव्हा गप्पा नंतर मारा."

"खराब म्हणजे वास येतो का?"

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दहा मिनिटांनी दार फटीएवढं उघडलं आणि वरून आधी एक हात आला, मग विस्कटलेल्या केसांचं एक डोकं. लिफ्ट दुरुस्त करणारा होता.

"या. हात द्या."

"आधी डबा."

"आधी तुम्ही."

"आधी डबा म्हटलं ना!"

त्यानं डबा घेतला, मग तिला ओढून वर घेतलं. हात खरखरीत होता, पण पकड जपून. ती आभार न मानताच डबा हिसकावून पळाली, ती थेट चौथ्या मजल्यावर. छातीत नुसती धडधड.

"जिने चढून आले," तिनं शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीला सांगितलं. मैत्रिणीनं काही विचारलंही नव्हतं.

त्या दिवसापासून तिनं लिफ्टचं नाव टाकलं.

चौथ्या मजल्यावरच्या त्या रक्ततपासणी केंद्रात हॉर्मोनचा विभाग तिचा होता. सहा वर्षांत एकही रिपोर्ट चुकीचा म्हणून परत आला नव्हता. सुई टोचलेली कळायची नाही आणि जीभ टोचल्याशिवाय राहायची नाही, म्हणून सगळे तिला सुईताई म्हणत. केंद्राच्या प्रमुख, म्हणजे मोठ्या बाई, तर तिच्या रिपोर्टवर न वाचता सही करत. तिला या गोष्टीचा फार अभिमान होता, आणि तो ती लपवतही नसे.

आठवड्याभरानं लिफ्टवाला स्वतःच समोर येऊन बसला. कंपनीची वार्षिक तपासणी होती.

"नळ्या वाचल्या का?" त्यानं विचारलं.

"वाचल्या. बाही वर करा."

"सगळे तुम्हाला ताई का म्हणतात?"

"तुम्हीही म्हणा."

"मला एक ताई आहे. पुरे आहे तेवढी."

तिनं ओठ दाबून हसू गिळलं, मग स्वतःवरच चिडली आणि ती चीड त्याच्यावर काढली. "पुढच्या वेळी टोपी घालून या. केस गळताहेत तुमचे, माझ्या टेबलावर पडले."

झालं. बोलून ती विसरून गेली. रिपोर्ट अगदी नॉर्मल आला.

महिन्यानं तो पुन्हा आला, या वेळी थोरल्या बहिणीसोबत. बोलत होती सगळं तीच. "याला धडधड होते. झोप नाही. पानावर बसतो आणि शून्यात बघत राहतो. आमचे डॉक्टर म्हणाले, थायरॉइड बघून घ्या."

"चालू औषधे?" सुईताईनं फॉर्म पुढे केला.

"नाही," तो म्हणाला, आणि रकान्यात नीट अक्षरात तसं लिहिलंही.

रिपोर्ट बघून ती चक्रावली. थायरॉइडचं हॉर्मोन भरमसाट वाढलेलं, आणि त्याला हुकूम सोडणारं मेंदूतलं हॉर्मोन जवळपास शून्यावर. तिनं पुन्हा रक्त घेतलं. तेच! थायरॉइडच्या रिसेप्टरला डिवचणारी अँटिबॉडी तपासली, तीही वाढलेली. कागदावर माणूस चांगलाच आजारी होता, आणि समोर बसून लिफ्टच्या गमती सांगत होता.

डॉक्टरांचा फोन थेट मोठ्या बाईंना गेला. महिन्यापूर्वी सगळं नॉर्मल, आज हे? वजन तेवढंच, हाताला कंप नाही, नाडी बहात्तर! तुमच्याकडे नळ्यांची अदलाबदल होतेय.

"माझ्याकडून अदलाबदल होत नाही," सुईताई म्हणाली.

"मलाही तसंच वाटायचं," मोठ्या बाई म्हणाल्या. "पण हा रिपोर्ट पेशंटशी जुळत नाहीये. कारण सापडलं नाही तर हॉर्मोनचा विभाग मला दुसऱ्या कुणाकडे द्यावा लागेल."

तिला रडूच फुटायचं बाकी होतं. तिनं नळ्यांवरची लेबलं तपासली, मशीन तपासलं, आकडे आधीच माहीत असलेली नमुन्याची रक्तं लावून पाहिली. सगळं चोख. म्हणजे घोळ त्या माणसातच होता! तिनं त्याला फोन करून बोलावून घेतलं.

"खरं सांगा. काही गोळ्या, पावडर, काढे?"

"नाही म्हटलं ना." तो खुर्चीत चुळबुळला. "हे रिसेप्टर म्हणजे काय असतं हो?"

"विषय बदलू नका."

"आजार माझा आहे, मला कळायला नको?"

तिनं उसासा टाकला. "हॉर्मोन रक्तातून अंगभर फिरतं. पण ऐकतात फक्त त्याच पेशी, ज्यांच्यावर त्याला बसायला जागा असते. ती जागा म्हणजे रिसेप्टर. ती हृदयावर असते, आतड्यांवर असते, मेंदूतही असते. म्हणून एकाच हॉर्मोननं धडधडही होते आणि झोपही उडते."

"म्हणजे आमच्यासारखंच," तो खूश होऊन म्हणाला. "बटण दाबलं की सिग्नल सगळ्या वायरिंगमधून जातो, पण उचलतो ज्याचा त्याचाच रिले, म्हणजे आतला छोटा स्विच. हे बघा, दाखवतो..."

रिले दाखवायला त्यानं हत्यारांच्या पिशवीत हात घातला. पान्याबरोबर एक बाटली बाहेर आली आणि टेबलावरून गडगडत तिच्यासमोर येऊन थांबली. त्यानं झडप घातली, पण उशीर झाला होता. दाट, चमकदार केसांसाठी. बायोटिन. रोज सकाळी एक.

"हे काय आहे?"

"ते... औषध नाही ते. केसांचं आहे."

"कधीपासून?"

"तुम्ही म्हणालात ना, केस गळताहेत... तेव्हापासून." तो जमिनीकडे बघत होता. "ताईला सांगू नका. आयुष्यभर चिडवेल."

"अहो, शहाणे आहात की कोण आहात!" ती उठूनच उभी राहिली. "आमच्या तपासणीतला एक घटक बायोटिननंच जागेवर चिकटतो. तुमच्या गोळीनं त्या जागा अडवल्या, म्हणून मशीन उलटसुलट आकडे देत बसलं! डॉक्टर सोमवारपासून तुम्हाला थायरॉइडची औषधं देणार होते. नसलेल्या आजाराची! आणि माझा विभाग... सहा वर्षं... एवढ्याशा केसांसाठी!"

तो हळूच म्हणाला, "चुकलं माझं. मला फक्त... तुमच्या टेबलावर परत केस पडायला नको होते."

तिनं बाटली उचलून आपल्या खणात टाकली आणि खण दाणकन बंद केला.

"खरं लिहिलं नाही तर रिपोर्ट खोटा येतो. एवढं लक्षात ठेवा," ती म्हणाली. "आठ दिवस गोळी बंद. मग पुन्हा रक्त. आणि रोज नाडी मोजून लिहायची. पूर्ण मिनिट. पंधरा सेकंद मोजून चारनं गुणायचं नाही."

आठ दिवसांनी तो वही घेऊन आला आणि रक्त देऊन खाली कामाला गेला. दुपारी आकडे आले. सगळे नॉर्मल! मोठ्या बाईंनी रिपोर्ट पाहिला, डॉक्टरांना स्वतः फोन केला, आणि फॉर्मच्या रकान्यात 'केसांच्या गोळ्यासुद्धा' असं छापून घ्यायला सांगितलं. "विभाग तुझाच आहे," त्या म्हणाल्या, "आणि माझं चुकलं."

तिनं मग ती वही उघडली. तक्ता मशीनच्या नोंदींसारखा रेखीव होता. घरी, सत्तर. तिसऱ्या मजल्यावर, चौऱ्याहत्तर. लिफ्टच्या छतावर, अठ्ठ्याहत्तर. डॉक्टरांकडे, बहात्तर. चौथा मजला, तपासणी केंद्राच्या दारात, एकशे सोळा. दुसऱ्या दिवशी त्याच दारात, एकशे अठरा. तिसऱ्या दिवशी 'आज त्या रजेवर', आणि पुढे एकाहत्तर.

वही घेऊन ती जिन्यानं तळमजल्यावर उतरली. तो लिफ्टचं दार पुसत होता.

"रिपोर्ट नॉर्मल आहे."

"मग ही धडधड?"

"ते अ‍ॅड्रेनलिन. त्याचेही हृदयावर रिसेप्टर असतात." तिनं वही त्याच्या हातात कोंबली. "औषध लागत नाही. कारण दूर केलं की थांबतं."

"मग राहू द्या धडधड," तो म्हणाला. "चला, वर सोडतो. आता अडकणार नाही, माझा शब्द."

ती दोन महिन्यांनी लिफ्टमध्ये शिरली. चार मजले तिची नजर आकड्यांवर होती आणि त्याची तिच्यावर. चौथ्यावर दार उघडलं तर समोरच मैत्रीण उभी.

"अगं, चेहरा केवढा लाल झालाय तुझा!"

"जिने चढून आले," ती म्हणाली.

मागून कुणीतरी खाकरलं. मैत्रिणीनं एकदा लिफ्टकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे, आणि तिला एकदम आत काहीतरी काम आठवलं.

"हात द्या," तो म्हणाला. आज नुसता हात, डबा नव्हता. त्यानं तिच्या मनगटावर दोन बोटं ठेवली आणि घड्याळाकडे पाहिलं.

"पुरे झालं... पंधरा सेकंद झाले."

"पूर्ण मिनिट. तुम्हीच सांगितलंत."

ते मिनिट काही केल्या संपेना. तिला राग यायला हवा होता. तिनं शोधलाही, पण सापडला नाही.

"एकशे बारा," तो म्हणाला. "आणि जिने तर चढला नाहीत तुम्ही. खरं लिहिलं नाही तर काय होतं म्हणालात?"

"रिपोर्ट खोटा येतो," ती पुटपुटली.

तिनं हात सोडवून घेतला नाही. दुसऱ्या हातानं त्याच्या खिशातलं पेन काढलं आणि त्याच्याच वहीवर ठेवलं.

"लिही मग," ती म्हणाली. "चौथा मजला, एकशे बारा. कारण... जिने नाही."