दुसरा हार

योगेशनं तो हार आकांक्षाच्या गळ्यात घातला त्यात आपली काहीएक चूक नव्हती, असं तो आजही शपथेवर सांगतो. ऐकणारे 'हो हो' म्हणतात आणि गालातल्या गालात हसतात.

झालं होतं असं. जानेवारीतला मतमोजणीचा दिवस. जठारपेठेतून आकांक्षा नगरसेविका म्हणून निवडून आली, ही बातमी पोचली आणि चौकात नुसता गुलाल उधळला. ढोल तर असे वाजत होते की शेजारी उभ्या माणसाचं बोलणं ऐकू येईना. अमरावतीजवळच्या वलगावचा योगेश सकाळीच टेम्पोभर झेंडू घेऊन अकोल्यात आला होता. घरची फुलशेती, एरवी त्याचा माल अमरावतीच्या बाजारात जायचा, पण अशा दिवशी अकोल्यात हार कमी पडणार हे त्यानं बरोबर ताडलं होतं. आकांक्षाचा कार्यकर्ता नितेश, त्यानं योगेशला चांगला कमरेपर्यंत येणारा हार करून आणायला सांगितला होता.

आता आपल्याकडची रीत काय? पुढारी पुरुष असला तर कोणीही उठावं आणि हार घालावा. बाई असली तर हार बाईनंच घालायचा. पुरुषानं फार तर पुष्पगुच्छ हातात द्यायचा, नमस्कार करायचा आणि मागं सरायचं. पुरुषानं बाईच्या गळ्यात हार घालायचा प्रसंग आयुष्यात एकदाच येतो, आणि त्याला आधी अंतरपाट धरावा लागतो. म्हणून हाराचं काम आकांक्षाच्या आत्याकडे, रुख्मिणीबाईंकडे सोपवलेलं होतं. पण आत्या अडकल्या ढोलवाल्यांच्या मागं, आणि नितेशचे दोन्ही हात गुलालानं माखलेले.

"घाल ना भाऊ, तूच घाल! फोटोवाला थांबून राहिला!" असं म्हणत नितेशनं योगेशला मागून असा रेटा दिला, की तो थेट आकांक्षाच्या उघड्या जीपला जाऊन भिडला. त्यानं मान वर केली. गुलालानं लाल झालेला चेहरा, आणि त्यात दोन हसरे डोळे... आणि बाप्पा, त्याच्या हातांनी हार घालून टाकला!

ढोल थांबले. कोणीतरी मूठभर गुलाल अक्षतांसारखा उधळला. मागून एक म्हातारी कडाडली, "लागलं माय, लगन लागलं!"

सगळा चौक हसायला लागला. योगेशच्या कानांच्या पाळ्या गुलालापेक्षा लाल झाल्या. आकांक्षानं हाराकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"लय घाई होती का तुमाले?"

"नाही जी... मले मागून..."

"मग काढून घेता का?"

"घातलेला हार... काढत नसतात ना जी," एवढं बोलून तो गर्दीत जो शिरला, तो टेम्पोत बसूनच थांबला.

आकांक्षाला मात्र पुढच्या मिरवणुकीत काय झालं, ते नीटसं आठवत नाही. तो झेंडूचा ओला, कडवट वास तेवढा आठवतो.

आता ही आकांक्षा कोण, तेही सांगायला हवं. ती सोल गायची. कॉलेजात असताना तिनं मोबाइलवर अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं हे गाणं ऐकलं. एक बाई जीव तोडून आळवते, बाकीचे टाळ्या वाजवत तिला उत्तर देतात, मधेच कोणाच्या डोळ्यांना पाणी येतं. "हे तं आत्याच्या भजनी मंडळासारखं आहे!" तिला वाटलं, आणि तिनं सोल वऱ्हाडीत गायला घेतलं. आत्या म्हणाल्या होत्या, "सोल? आमाले तं तुरीच्या सोल्याची भाजीच माहीत माय." पण टाळी धरायला आणि मागं म्हणायला त्याच सगळ्यांच्या आधी आल्या.

जठारपेठेत तेव्हा नळाला सहा-सहा दिवस पाणी येत नव्हतं. आकांक्षानं पाण्यावर गाणं केलं, प्रियकराला हाक मारावी तसं:

*येतो म्हणून गेला, मी घागर घेऊन उभी,*
*सातवा दिवस उजाडला रे, येशीन तरी कधी?*

आणि मागून साऱ्या बायकांनी विचारायचं, "सांग, कधी?" गाणं अकोलाभर झालं. वॉर्ड महिलांसाठी राखीव निघाला तेव्हा त्याच बायकांनी आकांक्षाला उभं केलं. बार्शीटाकळीला शेती करणारे तिचे वडील, खुशालराव, एवढंच म्हणाले, "पोरी, पाणी आणजो. अन् गळा सांभाळजो."

मतमोजणीनंतर तिसऱ्या दिवशी योगेशचा फोन आला. हाराचा व्हिडिओ तोवर अमरावतीपर्यंत पोचला होता, वर सनईसुद्धा लावून दिली होती कोणीतरी.

"मॅडम, मी योगेश. हारवाला. माफी मागाची होती..."

"मागा."

"अं?"

"माफी मागाची होती ना? मागा मग, ऐकून राहिली मी."

मग दोघंही एकदमच हसले. माफी राहिली ती राहिलीच, आणि फोन मात्र रोजचा झाला; दर मंगळवारी त्याचा माल अकोल्यालाही यायला लागला. त्याचं बोलणं झेंडूबद्दल, शेवंतीवरच्या रोगाबद्दल, आई माणिकबाई हार गुंफताना गुणगुणते त्याबद्दल. तिचं बोलणं गटारीबद्दल, दिव्याच्या बंद खांबांबद्दल आणि नव्या गाण्याबद्दल. एका संध्याकाळी तिनं विचारलंच, "मले एक सांगा. मी निवडून आली तवापासून सत्तर वर्षांचे आजोबाही मले ताई म्हणून राहिले. तुमी तेवढे मॅडम म्हणता. काहून?"

"ताई... म्हणून पाह्यलं मी. घरी. दोनदा."

"मग?"

"जमत नाही ना..."

तिनं फोन छातीशी धरला. आता यावर काय बोलायचं, हे कोणत्याही पक्षाच्या प्रशिक्षण शिबिरात शिकवत नाहीत.

गोडीत चाललं होतं सगळं, पण मार्चमध्ये माशी शिंकली. तिच्या पक्षाचे गटनेते वामनराव घरी आले. माणूस वाईट नव्हता, पण शिस्तीचा भारी. चहा घेऊन त्यांनी मिशी पुसली. "ताई, पाण्याच्या समितीवर तुमचं नाव देऊन राहिलो आम्ही. शुक्रवारी सर्वसाधारण सभा आहे. पण त्याच सांजेला अमरावतीत तुमचा गाण्याचा कार्यक्रम आहे म्हणे?"

"हो जी. दोन महिने झाले ठरून."

"तो रद्द करा. अन् पुढचेही. नगरसेविकेनं तिकीट लावून गावं, लोकायनं शिट्ट्या माराव्या, हे शोभत नाही. त्या हाराच्या व्हिडिओनं आधीच लोक हसून राहिले. समिती पाहिजे का गाणं, ते शुक्रवारपर्यंत ठरवा."

ते गेले आणि आकांक्षा पेचात पडली. पाण्यासाठीच तर ती उभी राहिली होती. समिती सोडली तर ज्या बायकांनी मत दिलं त्यांना काय तोंड दाखवणार? आणि गाणं सोडायचं... नुसत्या विचारानंच तिला रडू फुटलं. तिनं योगेशला फोन लावला आणि सगळं सांगून टाकलं.

"मॅडम, मले राजकारण समजत नाही. पण एक विचारू? लोकायनं मत कायले देलं? तुमी भाषण केलं म्हणून, का गाणं ऐकून?"

"गाणं ऐकून."

"मग वामनरावांनी गाणंच काढून घेतलं, तं समितीवर जाईन कोण?"

रात्रभर ते वाक्य तिच्या कानात राहिलं. सकाळी तिनं वामनरावांना कळवलं, "सभेला येते. सभा झाली की अमरावतीला जाते. नाव ठेवा, नाही तं कापा." वामनरावांनी उत्तरात पक्षानं तिला दिलेली गाडी तेवढी शुक्रवारपुरती काढून घेतली.

शुक्रवारची सभा म्हणजे मासळी बाजार झाला होता. पाण्याचा विषय निघताच दोन्हीकडचे सदस्य उभे राहिले, टेबलं वाजली, कागद उडाले. आकांक्षा तीनदा उठली. तिसऱ्यांदा तिचा माइकच बंद. पाठीमागं प्रेक्षकांच्या सज्जात जठारपेठेच्या बायका बसल्या होत्या, आत्या सगळ्यांत पुढं. आकांक्षानं त्यांच्याकडे पाहिलं. डोळे मिटले. आणि पोटातून, माइकशिवाय, सूर लावला.

*येतो म्हणून गेला...*

पहिल्या ओळीला गोंगाट अर्धा झाला. दुसरीला कागद खाली आले. "येशीन तरी कधी?" या ओळीवर ती थांबली, आणि सवयीनं सज्जातून उत्तर आलं, "सांग, कधी?" पुन्हा तीच ओळ. आता समोरच्या बाकावरच्या, विरोधी पक्षाच्या तिघी नगरसेविका टेबलावर ठेका धरून म्हणाल्या, "सांग, कधी?" त्यांच्याही वॉर्डात घागरी रिकाम्याच होत्या ना! तिसऱ्या वेळी सगळं सभागृह विचारत होतं आणि सगळे बघत होते पाणीपुरवठ्याच्या साहेबांकडे. साहेबांनी रुमालानं कपाळ पुसलं, उभे राहिले आणि म्हणाले, "एक एप्रिलपासून... तीन दिवसांआड. लेखी देतो."

सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. वामनराव जागेवरच बसून होते. बाहेर पडताना त्यांनी तिला गाठलं, घसा खाकरला. "समितीवर नाव कायम आहे. अन्... रस्त्यांवरही एखादं गाणं बसवता येईन का हो?"

"बसवते ना! पण आता निघू द्या!"

साडेचार वाजले होते. कार्यक्रम साडेसातला, गाडी नाही. ती फाटकाशी आली तर समोर झेंडूवाल्याचा टेम्पो उभा, आणि इस्त्रीचा शर्ट घालून योगेश त्याला टेकून उभा.

"माल द्यायले आलो होतो," तो घाईघाईनं म्हणाला.

"शुक्रवारी? तुमचा तं अकोल्याचा वार मंगळवार."

"...या शुक्रवारी आलो," तो म्हणाला आणि दार उघडलं.

टेम्पोत फुलांचा वास कोंदला होता. मूर्तिजापूर मागं पडलं तसा त्यानं थर्मास पुढं केला. गवती चहाचं गरम पाणी. गायच्या आधी ती दुधाचा चहा घेत नाही, हे तिनं एकदाच, जाता जाता सांगितलं होतं. तिनं घोट घेतला आणि बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिली, कारण त्याच्याकडे बघवेना. पायांशी ओल्या कापडात गुंडाळलेलं काहीतरी होतं.

"हे काय?"

"आईनं देलं. म्हणे, अकोल्यात विकू नको, परत आणजो. कोणासाठी विचारलं तं म्हणे, तुले काय करा लागते."

आकांक्षानं कापडाचा कोपरा उचलला. झेंडू आणि निशिगंधाचा हार होता, चांगला कमरेपर्यंत येईल असा. तिनं कापड हळूच पुन्हा झाकलं.

"योगेश... तुमाले काही म्हणायचं आहे का मले?"

"म्हणायचं तं लय आहे. पण तुमी आज नगरसेविका, उद्या आमदारही व्हान. मी झेंडूवाला. लोक पुन्हा हसतीन."

"हसू द्या. सुरुवात झेंडूवाल्यानंच केली ना?"

बडनेऱ्यापर्यंत मग कोणीच बोललं नाही. पण त्या टेम्पोत एवढं सुख होतं की बोललं असतं तर सांडलं असतं.

अमरावतीचं सभागृह गच्च भरलं होतं. आत्या, नितेश आणि जठारपेठेच्या बायका मिनीबस करून मागोमाग आल्या होत्या. खुशालराव टोपी मांडीवर ठेवून बसले होते. त्यांच्या शेजारी, जणू जुनी ओळख, अशा थाटात माणिकबाई. (ओळख तशी होतीच. आत्या आणि माणिकबाई महिनाभर फोनवर बोलत होत्या, 'भजनासाठी फुलं पाहिजे' म्हणून. भजनाला एवढी फुलं लागत नाहीत, हे खुशालरावांनाही कळत होतं, आणि त्यांनी एकदाही 'नको' म्हटलं नव्हतं.)

आकांक्षा त्या दिवशी जशी गायली तशी आधी कधी गायली नव्हती. शेवटच्या गाण्यानंतर आयोजक बाई पुष्पगुच्छ घेऊन आल्या. तिनं तो घेतला, बाजूला ठेवला आणि माइक हातात धरला.

"जानेवारीत एका माणसानं माझ्या गळ्यात हार घातला. लोक म्हणाले, लगन लागलं. मी म्हटलं, हे कसं? लग्नात हार दोन असतात. दुसरा राहूनच गेला." तिनं दाराकडे पाहिलं. "योगेश, तुमी मले आवडता. लय आवडता. टेम्पोत माझ्या पायाशी ठेवला होता, तो हार घेऊन इकडं या."

योगेश ओल्या कापडातला हार घेऊन दाराजवळ उभा होता. तो हलेचना. शेवटी माणिकबाई मागं वळून ओरडल्या, "जा ना रे गाढवा! तीन घंटे बसून गुंफला म्या तो!"

तो आला. हार त्यानं दोन्ही हातांवर धरला होता. आकांक्षानं तो उचलला, टाचा उंचावल्या आणि त्याच्या गळ्यात घातला. या वेळी कोणी ढकललं नव्हतं.

"आता तरी ताई म्हणता का?" तिनं हळूच विचारलं.

"आता तं मेलो तरी नाही," तो म्हणाला आणि त्या गाढवाच्या डोळ्यांना पाणी आलं.

जठारपेठेच्या बायका उभ्या राहून टाळ्या पिटत होत्या. तेवढ्यात नितेशच्या डोक्यात काहीतरी चमकलं. आकांक्षा आपली ताई, साऱ्या वॉर्डाची ताई. मग हा कोण? त्यानं दोन्ही हात तोंडाशी धरले आणि गळा काढून हाक मारली, "भाऊजी!"

आणि सवयीनं, एका सुरात, सगळ्या बायकांनी उत्तर दिलं, "सांग, कधी?"

योगेशनं तिच्याकडे पाहिलं. ती हसत होती.

"एक एप्रिलनंतर," त्यानं माइकवर सांगितलं. "आधी पाणी येऊ द्या. पंगतीले लागीन ना."