आठ सिलिंडर, चार दारं

गाडी आली, आणि गाडीत चालवणाराच नव्हता!

बहात्तर सालचा जानेवारी होता. कोपरगावच्या कॉलेजातून परत येताना मी फाट्यावर एसटीतून उतरले आणि मळ्याकडे चालू लागले. पुढे कारखान्याकडे निघालेल्या उसाच्या बैलगाड्या, एकामागून एक, जणू सगळ्या गावाच्या वराती एकाच दिवशी निघाल्या होत्या. तेवढ्यात मागून गुरगुर ऐकू आली. लाल रंगाची, लांबलचक, दोनच दारांची मोटार हळूहळू माझ्या शेजारी येऊन थांबली. मी खिडकीतून आत डोकावले... आणि दोन पावलं मागे सरले. ड्रायव्हरच्या जागी कोणी नाही. स्टिअरिंगसुद्धा नाही! आमच्या शिवारात भुतांच्या गोष्टींना तोटा नाही, पण भुतं मोटार चालवायला शिकल्याचं मी ऐकलं नव्हतं.

"अवो, इकडं बघा, इकडं!"

पलीकडे, डाव्या बाजूला, स्टिअरिंग धरून एक तरुण बसला होता. खाकी शर्ट, कपाळावर ऑइलचा काळा पट्टा, आणि हसू दाबता दाबता पार लाल झालेला चेहरा.

"हसायला काय झालं?" मी विचारलं.

"न्हाई... तुमी असं बघितलं, म्हनलं आता पळताय का दगड उचलताय."

"दगडच उचलणार होते."

"मंग बरं झालं बोललो. अमेरिकेची काच हाय, फुटली तर हितं मिळायची न्हाई."

त्याला आप्पासाहेबांच्या मळ्यावर जायचं होतं. आप्पांना दाखवायला मुंबईचे छगनशेट दोन परदेशी गाड्या घेऊन निघाले होते. जपानी गाडी घेऊन शेट कधीच पुढे गेले, आणि हा नगरच्या गॅरेजातला मिस्त्री तासभर बैलगाड्यांच्या मागे अडकला होता.

"स्टिअरिंग पडलं डाव्या अंगाला. फुडचा रस्ता मला दिसतच न्हाई. उजवीकडनं कुनीतरी बघनारं पायजे."

आप्पासाहेब माझे वडील. म्हणजे गाडी आमच्याच घरी निघालेली. मी दार उघडलं आणि बसले. पाय दुखत होते असं नंतर आईला सांगितलं. ते साफ खोटं होतं.

"मोकळं दिसलं की म्हना, चला," तो म्हणाला.

"अनोळखी बाईच्या नजरेवर गाडी घालणार?"

त्याने माझ्याकडे बघितलं. अगदी क्षणभरच. "नजर बरी दिसतीय," तो म्हणाला आणि घाईघाईने समोर बघू लागला.

"नको... ट्रक येतोय... थांबा... अजून थांबा... आत्ता! चला!"

आठही सिलिंडर एकदम बोलले. माझी पाठ सीटला चिकटली, वेणी खांद्यावरून मागे गेली, आणि उसाच्या गाड्या सर्रकन मागे पडू लागल्या. बैल बुजतील म्हणून त्याने एकदाही हॉर्न वाजवला नाही, हे मात्र माझ्या लक्षात आलं. शेवटची गाडी ओलांडल्यावर मी जोरात ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही. तोही हसत होता. त्याचं नाव गोरक्षनाथ, सगळे गोरख म्हणायचे. गाव पारनेरकडचं, कोरडवाहू.

घरी अंगणात दोन्ही गाड्या शेजारी शेजारी उभ्या राहिल्या. लाल अमेरिकन डस्टर, वकिलातीतल्या कुणा साहेबाने विकलेली. पांढरी जपानी डॅटसन, नैरोबीहून परतलेल्या एका व्यापाऱ्याची. आमची जीप म्हातारी झाली होती आणि आप्पांना परदेशी गाडीची हौस आली होती. आप्पा गाड्यांभोवती फिरले, वाकून खालून बघितलं, बोनेटवर थाप मारली. बाजारात खोंड बघतात तसेच. दात बघायचे तेवढे राहिले.

"ही घ्या, आप्पासाहेब," गोरखने डस्टरचं बोनेट उघडलं. "तिकडं कॉलेजची पोरं घेत्यात ही. थोड्या पैशात लई ताकद. पावनेतीनशे घोडे!"

"आणि त्या घोड्यांना पाणी कोण पाजणार?" मी पडवीतून विचारलं. "लिटरला किती जाते?"

तो जरा घुटमळला. "चार... कधी पाच."

"आणि ती?"

"ती धा-बारा जाती. पन तिला चारच सिलिंडर."

"दारं पण चारच आहेत. तुमच्या हिला दोन."

तेवढ्यात आईला, म्हणजे रतनबाईंना, डस्टरमध्ये मागे बसवून बघायचं ठरलं. पुढची सीट वाकवली, आईने नऊवारीचा घोळ सावरला, एक पाय आत टाकला, आणि पदर सीटच्या दांडीत अडकून ती अर्धी आत, अर्धी बाहेर तशीच राहिली.

"टपालाच्या पेटीत पत्र टाकतात तसं टाकायचं का माझ्या आईला?" मी म्हणाले. गडी हसले, आप्पा हसले, आईसुद्धा हसली. गोरख तेवढा हसला नाही; गुडघ्यावर बसून त्याने पदर अलगद सोडवला.

मग मात्र तो माझ्याकडे वळला. "ताकद बघायची असंल तर दाराची गिनती करून चालत न्हाई."

"आणि संसाराला घ्यायची असेल तर नुसती गुरगुर ऐकून चालत नाही."

"जपानी कशी दिसती? शाळामास्तरावानी!"

"दिसू दे. तिला दोन कार्बोरेटर आहेत, म्हणजे जोर कमी नाही, हे तुम्हीच मघाशी छगनशेटना सांगत होतात. मी ऐकलंय."

त्याने खाडकन बोनेट मिटलं. आप्पांनी रविवारी सकाळी निकाल सांगतो म्हणून जाहीर केलं, आणि तोवर मिस्त्रीला मळ्यावरच ठेवून घेतलं. दोन दिवस! मळ्यावरचे सगळे मला ताई म्हणायचे. गोरखने एकदाही ताई म्हटलं नाही. नावही घेतलं नाही. नुसतं "अवो" म्हणायचा, आणि त्या "अवो"साठी मी पडवीतून अंगणात उगाच चार फेऱ्या जास्त मारायची.

शनिवारी दुपारी डॅटसनची पाळी होती. पाटाच्या कडेने, उसाच्या गाड्यांच्या चाकोऱ्यांनी फाटलेल्या रस्त्यावर. ट्रॅक्टर मला चांगला येत होता, म्हणून आप्पांनी मलाच चालवायला सांगितलं. मागे आई, शेजारी गोरख. डॅटसनची मागची दोन्ही चाकं आपापली वेगळी हलतात. एक खड्ड्यात गेलं तरी दुसऱ्याला पत्ता नाही. गोरखने हे समजावून सांगितलं तेव्हा तो विसरूनच गेला की त्याला डस्टर खपवायची आहे. मैलभर गेलो, आणि आई मागे चक्क झोपली!

"झोपल्या," तो कुजबुजला.

"हळू बोला मग," मीही कुजबुजले.

पाटाचं पाणी शेजारून वाहत होतं. वाऱ्यावर कारखान्याचा गुळमट वास येत होता. आम्ही आता बोलतच नव्हतो... आणि ते इतकं बरं वाटत होतं की मी उगाच दुसऱ्या गिअरमध्येच राहिले.

"एक सांगू?" तो म्हणाला. "डस्टर शेटच्या गळ्यात पडलीय; ती खपली तर छगनशेट मला मुंबईला नेनार हायती. परदेशी गाड्यांचं मोठं वर्कशॉप हाय. पोरवयापासनं तेवढंच डोक्यात हाय माझ्या."

माझा पाय क्लचवर घसरला. गाडीने गचका खाल्ला, आई "आगं बया" म्हणाली आणि पुन्हा झोपली.

"आणि नाही खपली तर?"

"तर नगरच. तेच ट्रक, तेच स्प्रिंगचे पाटे बदलनं."

"नगर... तसं लांब नाही."

"न्हाई," तो बाहेर बघत म्हणाला. "मुंबई लांब."

मला खूप आनंद झाला. आणि पुढच्याच क्षणी स्वतःची लाज वाटली. मी जपानीच्या बाजूने जितकी भांडत होते तितकं त्याचं स्वप्न मोडत होते. आणि मला तो आवडत होता. खूप आवडत होता. संध्याकाळी भाकरी थापताना दोन करपल्या, तिसरीला मी ठरवून टाकलं.

रविवारी सकाळी आप्पा बाजेवर बसले. समोर छगनशेट, बाजूला गोरख, दारात आई.

"बोल पुष्पे. तुझी ती जपानी ना?"

"नाही आप्पा. डस्टर घ्या."

छगनशेटांचा चेहरा उजळला. गोरखचा उतरला.

"काय बोलताय, अवो?" तो पुढे आला. "आप्पासाहेब, ऐकू नका. जपानी घ्या."

"डस्टरचं इंजिन बघा आप्पा, केवढं दमदार!"

"पेट्रोल पिऊन ट्रॅक्टर उपाशी ठेवील ती!"

"दोन दारं पुरतात. आई पुढे बसेल."

"मावशी मागंच बसतील, आन् झोपतील! पाटाच्या रस्त्याला हीच गाडी. त्या लालीला मागं पाटे हायती, ट्रकावानी आदळती."

"परवा तर तुम्हीच म्हणालात, ताकद बघा!"

"परवा तुमीच म्हनला, संसार बघा!"

"अरे मिस्त्री, गप की!" छगनशेट ओरडले. "तुझ्या मुंबईचं काय?"

गोरखने मान खाली घातली, पण शब्द मागे घेतला नाही. आप्पांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे, मग पुन्हा माझ्याकडे. माझे कान तापले.

"शेट," आप्पा सावकाश म्हणाले, "जपानी ऱ्हाऊ द्या. लाल घेऊन जावा."

व्यवहार उरकून छगनशेट रागारागाने डस्टरमध्ये बसले. पुढचं बघायला त्यांना आता कोणी नव्हतं. निघताना त्यांनी खिडकीतून गोरखला सुनावलं की आता मुंबईचं नाव काढू नकोस. धुरळा उडवत आठ सिलिंडर पुणतांब्याच्या वळणाला लागले. गोरख आवाज विरेपर्यंत तिकडेच बघत उभा होता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

मी जवळ गेले. "वेडे आहात का तुम्ही? का बोललात?"

"खरं तेच बोललो. तुमच्या रस्त्याला तीच गाडी बरी."

"एवढंच?"

त्याने खिशातलं फडकं काढलं, हात पुसले, पुन्हा पुसले. हात स्वच्छच होते.

"न्हाई... एवढंच न्हाई," तो म्हणाला. "मुंबईत समदं शिकलो असतो. पन तुमी दिसला नसता. ते मला जमायचं न्हाई... पुष्पावती."

पहिल्यांदाच नाव घेतलं त्याने, आणि तेही पूर्ण! मी मान हलवली. एकदा हलवली, मग वाटलं त्याला कळलं नसेल, म्हणून पुन्हा हलवली.

"गोरख!" बाजेवरून आप्पांची हाक आली. "हिकडं ये रं."

तो गेला. मी खांबाला धरून उभी राहिले. आप्पांनी त्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"मामाचं गाव कंचं तुझं?"

आईच्या हातातलं ताट खणकन खाली पडलं. आमच्याकडे मिस्त्रीला कोणी मामाचं गाव विचारत नाही. ते विचारतात फक्त सोयरीक जुळवताना, आणि हे आमच्या घरातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

गोरखलाही ठाऊक होतं. तो आप्पांकडे बघायचा सोडून माझ्याकडेच बघत होता.

"पुनतांबं," तो कसाबसा म्हणाला. "मामाचं नाव काकासाहेब... पाटाच्या पल्याड मळा हाय त्यांचा."

"काकासाहेब व्हय? वळकीचा मानूस हाय," आप्पा उठले आणि डोक्याला पटका गुंडाळू लागले. "मंग उगा येळ कशाला? रतन, च्या टाक. आत्ताच जाऊन येऊ. गाडी कोन चालवनार?"

"मी!" आम्ही दोघं एकदमच म्हणालो.