वरचे तीन दात

“माझे वरचे तीन दात नवे बसवलेत म्हणे,” काकू म्हणाल्या. “आणि मलाच पत्ता नाही.”

त्यांनी ओठ वर करून दाखवला. दात जुनेच होते, कडेने पिवळट, एकाचा टवका उडालेला.

मास्तरीणबाईंच्या शेजारी बसलेल्या भाऊजींना हसू फुटलं, पण काकूंच्या चेहऱ्याकडे पाहून त्यांनी ते गिळलं. काकूंचे यजमान महिन्यापूर्वी झोपेतच गेले होते, आणि काकू बोलत होत्या ते एखाद्या शेजारणीबद्दल बोलावं तसं.

विमा कंपनीचं पत्र मास्तरीणबाईंच्या टेबलावर होतं. दात सुंदर दिसावेत म्हणून केलेला उपचार पॉलिसीत बसत नाही, सबब खर्च नामंजूर. रुग्ण म्हणून काकूंचं नाव. त्या दिवसांत काकू परगावी, बहिणीच्या ऑपरेशनसाठी गेलेल्या.

“माझ्या नावावर कोणाला तरी नेलं होतं ह्यांनी. कोण ती, एवढं सांगा. मला रडूसुद्धा येत नाहीये हो. हे कळलं की येईल कदाचित.”

मास्तरीणबाई शाळा सोडून तपासाची कामं घेऊ लागल्या, तेव्हापासून निवृत्त कंपाउंडर असलेले त्यांचे दीर, हे भाऊजी, त्यांच्या मागेमागे असत. काकू गेल्यावर ते म्हणाले, “सरळ आहे, वहिनी. म्हातारपणी पाय घसरला बुवाचा.”

“तुम्ही आधी चप्पल घाला, भाऊजी.”

दातांच्या दवाखान्यात काउंटरवरची मुलगी भडाभडा बोलली. “काकांचा फोन आला, घरून पेशंट आणतोय म्हणून. काकूंची जुनी फाइल होती, मी तीच उघडली. विम्याचे कागद मग इथूनच जातात.”

“आलेली बाई पाहिलीस?”

“तोंडाला मास्क होता. मी नवीन, काकूंना ओळखतही नव्हते. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर होतं, वरचे पुढचे तीन दात तुटलेले. मी काकांना म्हटलं, पडल्या का? अपघात लिहिला तर पैसे मिळतील. त्यांनी आधी तिच्याकडे पाहिलं. मग म्हणाले, नको, दिसण्यासाठी लिहा.”

डॉक्टर मात्र बधले नाहीत. “पेशंटबद्दल मी अवाक्षर बोलणार नाही.” दोघं दारापर्यंत पोचल्यावर ते हातमोजे काढत म्हणाले, “भेटल्या तर निरोप द्या. पुढच्या दातांनी काही तोडायचं नाही. आणि खालची अक्कलदाढ आत्ता कुठे वर येतेय, आडवी. ती वेळेत काढून घ्या.”

काका त्याच विमा कंपनीत दाव्यांच्या विभागात होते. त्यांच्या शेजारच्या टेबलावर एक तरुण टायपिस्ट होती. ती हसली आणि दातांची शुभ्र ओळ झळकली. भाऊजींनी वहिनींना कोपराने ढोसलं.

“साहेब सगळ्या ऑफिसला शिकवायचे,” ती म्हणाली. “दिसण्यासाठी म्हणून लिहिलंत की दावा गेला. पण खोटंही लिहू द्यायचे नाहीत. एकाने उगाच घसरून पडलो म्हणून लिहिलं, तर कागद तोंडावर परत.” बोलता बोलता तिने पार्सलची प्लॅस्टिकची पट्टी पुढच्या दातांत धरून कटकन तोडली. “कात्री कधी जागेवर नसते हो इथे.”

संध्याकाळी दोघं काकूंच्या घरी गेले. काकूंची जाऊ, महिनाभर माहेरीच असलेली लेक आणि तिला न्यायला आलेले जावई चहा घेत होते.

“माझे दात?” भाऊजींनी विचारल्यावर जाऊबाई म्हणाल्या. “वाटीत आहेत. आणू?”

कोणीच हसलं नाही. लेक पावाचे बारीक तुकडे चहात बुडवून गालाच्या कडेला सरकवत होती.

“बाप गेल्यापासून खाणंच गेलंय पोरीचं,” जाऊबाई पुटपुटल्या.

“आई गावाला होती तेव्हा तुम्ही इथे आला होतात?” मास्तरीणबाईंनी लेकीला विचारलं.

“एरवी ती कुठे जात नाही हो,” जावई हसून म्हणाले. “मला सोडून करमत नाही तिला.”

“अगं, आली होतीस की!” जाऊबाई म्हणाल्या. “दार लावून पडून होतीस. मला तोंडसुद्धा दाखवलं नाहीस.”

लेकीने नवऱ्याच्या हाताकडे पाहिलं. “ताप होता,” ती म्हणाली.

मास्तरीणबाईंनी जावयांना रिक्षा बघायला पाठवलं आणि दार लोटून घेतलं.

“काकू, तुमच्या यजमानांचं बाहेर कोणी नव्हतं. अक्कलदाढ आत्ता येतेय म्हणजे ती बाई तरुण. जाऊबाई सुटल्या. टायपिस्ट पट्ट्या दातांनी तोडते. तीही सुटली. पुढच्या दातांनी कोण चावत नाही, ते तुम्ही महिनाभर रोज बघताय. तुम्हाला ते दुःख वाटलं.”

काकू लेकीकडे बघत राहिल्या.

“मग माझ्या नावावर का?”

“फाइल तुमची उघडली गेली, आणि त्यांनी ती उघडी राहू दिली. लेकीला स्वतःचं नाव तिथे नको असणार.”

“पण पडली असेल हो ती!” भाऊजी म्हणाले.

“पडली असती तर पडली म्हणून लिहिलं असतं, भाऊजी. पैसेही मिळाले असते. ते खोटं लिहिणारे नव्हते, आणि खरं लिहायचं तर लेकीच्या नवऱ्याचं नाव लिहावं लागलं असतं. उरलं काय? दिसण्यासाठी. दावा बुडणार हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक होतं?”

“मीच शपथ घातली होती,” लेक म्हणाली. तिच्या आवाजात काहीच नव्हतं. “आईला सांगू नका म्हणून. बाबा दवाखान्यात माझा हात धरून बसले. त्यानंतर नीट जेवलेच नाहीत ते.”

टायपिस्टला पाहून कोपर मारलं होतं, ते भाऊजींना आठवलं.

दार उघडून जावई आत आले. “रिक्षा उभी आहे. चल.”

लेक उठली. सवयीने, लगेच.

“बस,” काकू म्हणाल्या. आवाज चढला नाही. “ती येणार नाही. तुम्ही निघा.”

“म्हणजे? अहो, काय सांगितलं यांनी तुम्हाला?”

“निघा.”

जावयांनी एकेकाकडे पाहिलं. भाऊजी कधी नव्हे ते उठले आणि लेक नि जावई यांच्या मधे जाऊन उभे राहिले. तिथून ते हलले नाहीत. खाली रिक्षावाल्याने हॉर्न दिला, पुन्हा दिला. मग जिन्यावरून उतरणारी पावलं ऐकू आली.

काकूंनी लेकीची हनुवटी धरली, अंगठ्याने तिचा ओठ हलकेच वर केला आणि दिव्याकडे वळवून बराच वेळ पाहिलं.

“रंग अगदी जुळवून आणलाय ह्यांनी,” त्या म्हणाल्या, आणि मग त्यांना रडू आलं.